पिशवीवरचे नाव आणि कणगीतले बी

नागपूर-चंद्रपूरकडच्या कोणत्याही किराणा दुकानात जाऊन ‘एचएमटी द्या’ म्हटले, की दुकानदार घड्याळ काढून दाखवत नाही, तांदूळ मोजायला लागतो. पुण्या-मुंबईतही आता हे नाव सर्रास ऐकू येते. बारीक दाणा, मोकळा भात, खिशाला परवडणारा भाव. गृहिणींना आणखी काय हवे? पण तांदळाला घड्याळाच्या कंपनीचे नाव का पडले, असा प्रश्न ताटावर बसलेल्या माणसाला सहसा पडत नाही. मला तो पडला, आणि त्याचे उत्तर शोधता शोधता मी थेट कायद्याच्या पुस्तकात जाऊन पोचलो. हा लेख त्या वाटेवरचा आहे.

चंद्रपूर जिल्ह्याच्या नागभीड तालुक्यात नांदेड नावाचे एक छोटे गाव आहे. (मराठवाड्यातले नांदेड ते वेगळे.) तिथे दादाजी रामाजी खोब्रागडे नावाचे शेतकरी राहत. शिक्षण तिसरीपर्यंत, जमीन जेमतेम दीड एकर. १९८३ साली ‘पटेल-३’ या धानाच्या शेतात त्यांना काही लोंब्या वेगळ्या दिसल्या, पिवळसर आणि बारीक दाण्याच्या. दुसऱ्या कुणी त्या इतर धानाबरोबर कापून टाकल्या असत्या. दादाजींनी त्या बाजूला काढल्या, पुढच्या वर्षी वेगळ्या लावल्या, त्यातून पुन्हा निवडल्या. असे काही हंगाम चालले. हळूहळू आसपासच्या शेतकऱ्यांनी त्यांच्याकडून बी नेले आणि एके दिवशी ते धान तळोधीच्या बाजारात गेले. व्यापाऱ्याने विचारले, वाण कोणता? वाणाला नावच नव्हते. त्या काळी मनगटावर एचएमटीचे घड्याळ असणे ही प्रतिष्ठेची गोष्ट होती. तेच नाव धानाला चिकटले. ज्याने वाण काढला त्याचे नाव कुठेच नाही आणि ज्या कंपनीचा शेतीशी सुतराम संबंध नाही तिचे नाव पोत्यावर!

पुढची हकीकत विदर्भात अनेकांना ठाऊक आहे. १९९४ मध्ये कृषी विद्यापीठाच्या सिंदेवाही केंद्राने दादाजींकडून हे बी नेले आणि १९९८ मध्ये ‘पीकेव्ही एचएमटी’ या नावाने वाण प्रसारित झाला. विद्यापीठाचे म्हणणे असे, की आम्ही त्यावर शास्त्रीय पद्धतीने शुद्धीकरण केले. ते खरेही असेल. वाण शुद्ध करणे हे कष्टाचे आणि कौशल्याचे काम आहे, त्याला नाव ठेवण्याचे कारण नाही. पण ज्या माणसाच्या डोळ्यांनी त्या लोंब्या पहिल्यांदा टिपल्या, त्याच्या हाती त्यातून काय आले? दादाजींना मान मिळाला. २००५ मध्ये राष्ट्रपती अब्दुल कलाम यांच्या हस्ते पुरस्कार मिळाला, २०१० मध्ये ‘फोर्ब्ज’ने त्यांची दखल घेतली. दीड एकरातल्या प्रयोगांतून त्यांनी आणखीही काही वाण काढले. मात्र एचएमटीच्या लाखो पोत्यांपैकी एकावरही त्यांना एक पैसा हक्काने मागता आला नाही. पैशांची ओढाताण शेवटपर्यंत सुटली नाही. ३ जून २०१८ रोजी ते गेले.

हक्काने मागता आला नाही, कारण तेव्हा तसा हक्क देणारा कायदाच या देशात नव्हता. १९८३ मध्येही नव्हता आणि १९९८ मध्येही नव्हता.

तेव्हा होता तो १९६६ चा बियाणे कायदा. हा कायदा बी कुणाचे या भानगडीत पडत नाही. बी कसे आहे एवढेच पाहतो. पिशवीवर लिहिलेली उगवणशक्ती आणि शुद्धता आतल्या बियाण्यात आहे का, हा त्याचा विषय. बियाण्याच्या पिशवीला निरनिराळ्या रंगांची खूणचिठ्ठी म्हणजे टॅग असतो, तो या व्यवस्थेतून आलेला. पैदासकार बियाण्याला पिवळा, पायाभूत बियाण्याला पांढरा, प्रमाणित बियाण्याला निळा आणि कंपनी स्वतःच्या जबाबदारीवर विकते त्या सत्यप्रत बियाण्याला हिरवा. शेतकऱ्याच्या घरातल्या लहान पोरालाही हे रंग पाठ असतात.

या जुन्या कायद्यातल्या दोन गोष्टी मला फार बोलक्या वाटतात. पहिली कलम १९ मधली. नियम मोडून बियाणे विकणाऱ्याला पहिल्या गुन्ह्यासाठी दंड किती, तर पाचशे रुपयांपर्यंत! १९६६ मध्ये पाचशे रुपयांना वजन होते. पुढे रुपया हलका होत गेला, दंड मात्र कागदावर तसाच राहिला. शेवटी एका पिशवीच्या किमतीत सहा-सात दंड बसावेत अशी अवस्था आली. दुसरी गोष्ट कलम २४ मधली. एखाद्याने स्वतः पिकवलेले बी स्वतःच्या घरी वा शेतावर दुसऱ्याला पेरायला थेट दिले किंवा विकले, तर हा कायदा त्याला लागूच नाही. म्हणजे कायदा करणाऱ्यांना गावातला बियाण्यांचा व्यवहार ठाऊक होता आणि त्यांनी त्यात हात घातला नाही.

हा व्यवहार ज्यांनी पाहिला आहे त्यांना त्याचे मोल सांगायला नको. माझ्या आजीच्या घरी खळ्यावरचे धान्य घरात येण्याआधी बियाण्याचे वेगळे निघत असे. ज्वारीची भरदार कणसे उभ्या पिकातच हेरून ठेवलेली असत. ती माळवदाच्या तुळईला टांगली जात. तूर, मूग, वालाचे बी राखेत घोळवून मडक्यात जाई, वर कडुनिंबाचा पाला आणि शेणामातीने लिंपलेले तोंड. कुणाकडचे बी ‘मोडले’ म्हणजे संपले, की आषाढात शेजारीण वाटी घेऊन दारात उभी राही. दिलेले बी सुगीनंतर सवाईने परत येई. त्यात पावती नव्हती, पण कुणाचे बी खणखणीत आणि कुणाचे किडके याची साऱ्या गावाला खबर असे.

नव्वदच्या दशकात या साऱ्यावर एकदम ढग आले. डंकेल प्रस्ताव हा शब्द तेव्हा चहाच्या टपरीवरसुद्धा ऐकू येई. महाराष्ट्रात तर घराघरात दोन पक्ष पडले होते. शरद जोशी डंकेल प्रस्तावाच्या बाजूने उभे राहिले. शेतकऱ्याला जगाची बाजारपेठ आणि नवे तंत्रज्ञान मिळू द्या, असा त्यांचा सवाल होता. उलट बाजूला, उद्या बी पेरायला परदेशी कंपनीची परवानगी लागेल, अशी भीती होती. ती भीती निव्वळ कल्पनेतली नव्हती. १९९५ मध्ये हळदीच्या जखम भरून काढण्याच्या गुणावर अमेरिकेत पेटंट दिले गेले. आपल्या प्रत्येक आजीला ठाऊक असलेली गोष्ट! डॉ. रघुनाथ माशेलकरांच्या नेतृत्वाखाली सीएसआयआरने जुने ग्रंथ आणि पुरावे मांडून ते लढवले, आणि १९९७ मध्ये ते रद्द झाले. त्याच वर्षी बासमतीच्या वाणांवर अमेरिकी कंपनीला पेटंट मिळाल्याची बातमी आली.

१ जानेवारी १९९५ रोजी जागतिक व्यापार संघटना अस्तित्वात आली आणि तिच्या करारानुसार वनस्पतींच्या वाणांना कायद्याचे संरक्षण देणे भारतावर बंधनकारक झाले. मात्र ते पेटंटच्याच रूपात द्यावे अशी सक्ती नव्हती. देशाने आपली स्वतःची परिणामकारक पद्धत काढली तरी चालणार होते. या फटीतून भारताने जे बाहेर काढले ते खरोखर दाद देण्याजोगे आहे. विधेयक संसदेत आले, संयुक्त समितीकडे गेले आणि शेतकऱ्यांच्या बाजूने बरेच बदलून परत आले. ‘पीक वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क कायदा, २००१’ हे त्याचे नाव. जगात बहुतेक ठिकाणी असे कायदे फक्त वाण काढणाऱ्याचे असतात, शेतकऱ्याला त्यात सवलत मिळते. आपल्या कायद्याच्या नावातच शेतकऱ्याचा हक्क आहे. आपल्याकडे सरकारी कायद्यांची टिंगल करण्याची पद्धत आहे, आणि ती बऱ्याचदा योग्यही असते. पण हा कायदा वाचताना मला तरी अभिमान वाटला.

त्यातले कलम ३९ प्रत्येक शेतकऱ्याच्या घरी भिंतीवर लावावे असे आहे. त्याची सुरुवातच ‘या कायद्यात काहीही म्हटलेले असले तरी’ अशा अर्थाच्या शब्दांनी होते. वकिलांच्या भाषेत या शब्दांना फार वजन असते. बाकीची कलमे त्यांच्यापुढे मागे सरतात. पुढे म्हटले आहे, की शेतकरी आपले शेतातले उत्पादन, बियाण्यासह, जपू शकतो, वापरू शकतो, पेरू शकतो, पुन्हा पेरू शकतो, अदलाबदल करू शकतो, वाटू शकतो आणि विकूही शकतो. वाण कंपनीच्या नावे नोंदलेला असला तरीसुद्धा. अट एकच, ‘ब्रँडेड’ बी विकायचे नाही. ब्रँडेड म्हणजे काय हेही तिथेच सांगितले आहे. पिशवीत वा डब्यात भरून, हा अमुक संरक्षित वाण आहे असे लेबल लावलेले बी. साध्या गोणीतून, लेबल न लावता, शेजाऱ्याला चार पायल्या बी दिले तर कायदा आड येत नाही.

एवढेच नाही. नवा वाण काढणारा शेतकरी शास्त्रज्ञाप्रमाणेच त्याची नोंदणी करून घेऊ शकतो, आणि या कायद्याखालच्या कामकाजात त्याला शुल्क भरावे लागत नाही. नोंदणी झाली की पिकांच्या वाणाला पंधरा वर्षे आणि झाडे-वेलींना अठरा वर्षांपर्यंत संरक्षण मिळते. कंपनीने वाणाच्या उत्पादनाविषयी जे सांगितले ते शेतात दिसले नाही, तर भरपाई मागता येते. आणि एखाद्याचा हक्क अजाणतेपणी मोडला गेला, असा हक्क आहे हेच शेतकऱ्याला ठाऊक नव्हते, तर कलम ४२ त्याला पाठीशी घालते. दादाजींच्या लोंब्यांपासून पाहिले तर हा कायदा अठरा वर्षे उशिरा आला.

आता गुजरातेत जाऊ या. कारण कायदा पुस्तकात असणे आणि शेतकऱ्याच्या हाती असणे यातले अंतर तिथे उघडे पडले.

एप्रिल २०१९ मध्ये पेप्सिको कंपनीने उत्तर गुजरातमधल्या नऊ बटाटा उत्पादकांवर दावे लावले. ‘एफएल-२०२७’ हा वेफर्ससाठी लागणारा बटाट्याचा वाण कंपनीच्या नावे २०१६ मध्ये नोंदला गेला होता. तो आमच्या परवानगीशिवाय लावला, असा आरोप. त्यांतल्या चौघांकडे मागितलेली भरपाई वाचा, प्रत्येकी एक कोटी पाच लाख रुपये! तीन-चार एकरांच्या शेतकऱ्याने सात पिढ्या बटाटे विकले तरी ही रक्कम फिटायची नाही. देशभर गदारोळ झाला, शेतकरी संघटना धावून आल्या, लोकांनी वेफर्स न खाण्याच्या घोषणा केल्या, आणि मे महिन्यात कंपनीने दावे मागे घेतले.

प्रकरण तिथे थांबले नाही. कविता कुरुगंटी या कार्यकर्तीने मुळात त्या नोंदणीलाच आव्हान दिले. डिसेंबर २०२१ मध्ये वाण संरक्षण प्राधिकरणाने नोंदणी रद्द केली. अर्जातली माहिती चुकीची, कागदपत्रे अपुरी आणि शेतकऱ्यांना झालेला जाच सार्वजनिक हिताविरुद्ध, अशी कारणे दिली. जुलै २०२३ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाच्या एकसदस्य पीठाने कंपनीचे अपील फेटाळले. आणि जानेवारी २०२४ मध्ये त्याच न्यायालयाच्या द्विसदस्य पीठाने हे सारे फिरवले, नोंदणी रद्द करणे योग्य नव्हते म्हणून कंपनीचे अपील मान्य केले.

या शेवटच्या निकालानंतर अनेकांनी ‘शेतकरी हरला’ अशी समजूत करून घेतली. मला ते तसे वाटत नाही. न्यायालयापुढचा वाद नोंदणीच्या अर्जाचा होता. वाण कंपनीचा आहे असे धरले, तरी कलम ३९ जिथल्या तिथे आहे; ते संरक्षित वाणालाच लागू होते! वाण कुणाच्याच नावावर नसता तर या कलमाची गरजच काय होती? मला खरा सल आहे तो वेगळाच. दाव्याची नोटीस हाती पडेपर्यंत त्या नऊजणांना हे कलम माहीत असण्याचा फारसा संभव नव्हता. आजही एखाद्या गावात जाऊन विचारा. कोटीची नोटीस लोकांना ठाऊक असते, कलम ठाऊक नसते. नोटीस आली आणि गावात शंभर माणसे घाबरली, की पुढच्या हंगामात कुणी तो बटाटा लावत नाही. खटला जिंकण्याचीही मग गरज उरत नाही.

हे झाले शेतकरी बी राखतो तेव्हाचे. तो विकत घेतो तेव्हा काय? कारण आज बहुतेक बी दुकानातूनच येते. कपाशीचे तर जवळजवळ सगळे. संकरित वाणाचे बी घरी राखून उपयोग नसतो. दुसऱ्या पिढीत गुण फुटतात, एक झाड उंच तर दुसरे खुजे निघते. त्यामुळे कलम ३९ ने दिलेला हक्क कपाशीवाल्याच्या हाती आला तरी तो त्याला पेरता येत नाही. सोयाबीन, गहू, तूर, हरभरा, धान ही सरळ वाणांची पिके. तिथे घरचे बी चालते.

आणि तरीही वाशीम जिल्ह्यातल्या माझ्या आतेभावाने, अण्णाने, २०२० मध्ये सोयाबीनचे बी दुकानातूनच आणले होते. आदल्या वर्षी ऐन काढणीत पाऊस झाला, घरचे दाणे डागी निघाले, म्हणून. एका नामांकित कंपनीच्या सहा पिशव्या. जूनमध्ये चांगली ओल झाल्यावर पेरणी झाली. आठवड्याने शेतात पाहिले तर ओळीच्या ओळी रिकाम्या. त्या वर्षी हे एकट्या अण्णाचे झाले नाही. महाराष्ट्रभर तक्रारींचा पाऊस पडला आणि मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने स्वतःहून त्याची दखल घेतली.

अण्णाने कृषी कार्यालयात अर्ज दिला. तालुक्याची तक्रार निवारण समिती शेतावर आली. पंचनाम्याला तीन वस्तू लागतात. पावती, टॅग आणि शक्य असेल तर पिशवीत उरलेले बी. पहिल्या दोन वस्तू वहिनींनी कालनिर्णयच्या मागे खोचून ठेवल्या होत्या, म्हणून निभावले. तिसरीबद्दल अण्णा समितीला म्हणाला, ‘साहेब, सारं बी जमिनीत गेलं. आता नमुन्यासाठी शेत उकरू का?’ कंपनीच्या माणसाने सांगितले की पेरणी खोल झाली, ओल कमी होती. हे उत्तर पेरणीच्या आधीच छापून ठेवलेले असावे, अशी मला शंका आहे.

गंमत अशी, की अण्णाने विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर सर्वोच्च न्यायालयाने आठ वर्षांपूर्वीच देऊन ठेवले होते. जानेवारी २०१२ मध्ये राष्ट्रीय बियाणे महामंडळ विरुद्ध मधुसूदन रेड्डी या खटल्यात बियाणे पुरवठादारांचा युक्तिवाद हाच होता, की प्रयोगशाळेत नमुना तपासल्याशिवाय बी सदोष कसे म्हणता? न्यायालयाने म्हटले, की आपले बी उगवणार नाही असे गृहीत धरून शेतकरी त्यातले थोडे बाजूला काढून ठेवील, अशी अपेक्षाच करता येत नाही. बी घेणारा शेतकरी ग्राहक आहे आणि ग्राहक न्यायालयाचे दार त्याला उघडे आहे. दुकानातून मिक्सर घेणाऱ्याला जो अधिकार आहे तो बियाणे घेणाऱ्यालाही आहे, हे एकदाचे पक्के झाले. १९८६ च्या कायद्याची जागा आता २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने घेतली असली, तरी हे तत्त्व कायम आहे.

अण्णा ग्राहक न्यायालयात गेला नाही. कंपनीने जुलैच्या अखेरीला तीन पिशव्या बदलून दिल्या. तोवर पेरणीची वेळ उलटून गेली होती. दुबार पेरणीचे डिझेल, मजुरी, खत यांचे काय, असे मी विचारले, तर म्हणाला, ‘तारखांना जाऊ की रान वाहू?’

या कहाणीला आणखी एक बाजू आहे, आणि ती सांगितल्याशिवाय गेलो तर प्रामाणिकपणा होणार नाही. विदर्भात ‘चोर बीटी’ हा शब्द प्रचलित आहे. तणनाशक सहन करणाऱ्या कपाशीला सरकारी मान्यता नाही, तरी तिचे बी पुड्या बांधून गुपचूप विकले जाते. निंदणीचा खर्च परवडत नाही म्हणून शेतकरी ते घेतो. जून २०१९ मध्ये अकोला जिल्ह्यातल्या अकोली जहांगीर इथे शेतकरी संघटनेने हे बी उघडपणे पेरून सत्याग्रह केला. आम्हाला तंत्रज्ञान निवडण्याचे स्वातंत्र्य द्या, अशी मागणी केली. शास्त्र आणि पर्यावरण यांच्या दृष्टीने या कपाशीवर वाद आहेत आणि ते खरे आहेत. पण मी इथे एका साध्या गोष्टीकडे लक्ष वेधतो. चोर बीटीच्या पुडीला टॅग नसतो आणि पावती नसते. बी फसले तर कृषी कार्यालयात जाता येत नाही, कारण तिथे आधी प्रश्न येतो, हे बी तुम्ही आणले कुठून? एकीकडे आजीच्या वाटीतले बिनलेबलाचे बी आणि दुसरीकडे ही बिनलेबलाची पुडी. दिसायला दोन्ही सारखी. वाटी देणारीचे घर गावाला ठाऊक असते. पुडी देणाऱ्याचा फोन पंधरा दिवसांनी बंद लागतो.

या पार्श्वभूमीवर केंद्र सरकारने नोव्हेंबर २०२५ मध्ये नव्या बियाणे विधेयकाचा मसुदा हरकती-सूचनांसाठी खुला केला, ११ डिसेंबरपर्यंत. १९६६ चा कायदा बदलण्याचा हा पहिला प्रयत्न नव्हे. २००४ मध्ये एक विधेयक आले, अनेक वर्षे रखडले आणि विरले. २०१९ मध्ये आणखी एक मसुदा आला, त्याचेही तसेच झाले. या वेळच्या मसुद्यात विक्रीच्या प्रत्येक वाणाची नोंदणी सक्तीची केली आहे. शेतकऱ्यांचे वाण आणि केवळ निर्यातीसाठीचे बी यांना त्यातून वगळले आहे. पिशवीवर क्यूआर कोड येणार, म्हणजे बी कुठल्या शेतात तयार झाले आणि कोणत्या वाटेने दुकानात आले याचा माग काढता येईल. गंभीर गुन्ह्याला तीस लाखांपर्यंत दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद. पाचशे रुपयांवरून तीस लाख! आणि शेतकऱ्याने आपले बी राखणे, पेरणे, वाटणे, विकणे हा हक्क, ब्रँडचे नाव न लावण्याच्या जुन्याच अटीवर, या मसुद्यातही लिहिलेला आहे.

हे सारे स्वागतार्हच आहे. बनावट बियाणे विकून एका हंगामात गडगंज होणाऱ्यांना जरब बसायलाच हवी. पण मोबाइलवर क्यूआर कोड दाखवून काय होईल, तर पिशवी खरी की खोटी हे कळेल. अण्णाची पिशवी खरी होती. कंपनी खरी होती, टॅग खरा होता, पावती खरी होती, फक्त बी उगवले नाही. दंड तीस लाखांचा झाला तरी तो सरकारी तिजोरीत जमा होतो. अण्णाच्या डिझेलचे पैसे त्यातून येत नाहीत. म्हणून कोणत्याही नव्या बियाणे कायद्याकडे मी एकाच प्रश्नाने पाहतो. पंचनामा झाल्यापासून किती दिवसांत, कोणत्या कार्यालयातून, वकिलाशिवाय शेतकऱ्याच्या खात्यात भरपाई जमा होईल? तक्रार, सुनावणी, अपील, पुन्हा अपील या शिडीवर चढायला कंपन्यांकडे माणसे पगारी असतात. शेतकऱ्याला त्यासाठी एक दिवसाचे रान सोडावे लागते.

दुसरी शंका छोट्या बी राखणाऱ्यांविषयी आहे. नगर जिल्ह्याच्या अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांना २०२० मध्ये पद्मश्री जाहीर झाली. शाळेची पायरी न चढलेल्या या बाईंनी वाल, घेवडा, भात, भाज्या यांची कितीतरी गावरान बियाणी गोळा करून बीज बँक उभी केली. बायफ संस्थेची त्यांना साथ मिळाली. आता राज्यात ठिकठिकाणी बचत गटांच्या बायका असे बी राखतात आणि छोट्या पाकिटांतून विकतात. पाकिटावर वालाचे नाव आणि गटाचे नाव हौसेने लिहिलेले असते. एकट्या शेतकऱ्याची गोणी कायद्याबाहेर आहे हे स्पष्ट आहे. दहा बायकांच्या गटाचे पाकीट कुठे बसते? हे कायद्याच्या शब्दांतच स्पष्ट असायला हवे. उद्या निरीक्षक आला तर ‘आम्ही बीजमातेच्या वाटेने चाललोय’ हे उत्तर त्याच्या फॉर्ममध्ये बसणार नाही.

दिवाळीनंतर वाशीमला गेलो होतो तेव्हा अण्णाच्या ओसरीवर गोणपाट पसरलेले होते. २०२० नंतर त्याने सोयाबीनचे बी घरचेच धरले आहे. वहिनी दाणे मोजत होत्या. शंभर दाणे ओल्या गोणपाटावर ओळीने मांडायचे, गुंडाळून ठेवायचे, रोज पाणी शिंपडायचे आणि आठवड्याने कोंब मोजायचे. सत्तर उगवले तरी बी चालते, हा सरकारी मानकाचा आकडा त्यांना पाठ आहे. त्याहून कमी आले, तर एकरी तीस किलोच्या वर किती वाढवायचे याचाही हिशेब आहे. नातवाच्या जुन्या वहीत त्यांनी रकाने आखले आहेत. कोणत्या शेतातले बी, उगवण किती, कुणी किती किलो नेले, परत किती आले. गावातली अकरा घरे त्या वहीत होती.

मी विचारले, ‘वहिनी, वाणाचे नाव कुठे लिहिता?’

‘नाव गोणीवर नाही टाकत, भाऊजी. मागं तुम्हीच ते कलम वाचून दाखवलं होतं ना? तोंडानं सांगते.’

गोणपाटावरचे कोंब मग आम्ही दोघांनी मिळून मोजले. चौऱ्याऐंशी भरले.